पाडव्याचा विस्तव

“हात ढिला सोड, तुका. मडकें तुझें नव्हे, वाटेचें आहे. वाट त्यास झोका देत्ये, तूं मध्यें येऊं नकोस.”

बाप हे बोलला तेव्हा तुकोजीला नुकतं मिसरूड फुटत होतं आणि तंजावरच्या गादीवर अजून राजा बसत होता. बाप पुढे, तो मागे, अशी ती पहिली धाव. मग राजा गेला, राज्याला इंग्रजाचं कुलूप लागलं, बाप गेला, मिसरुडाची मिशी झाली आणि तीही पिकली. आवाज तेवढा राहिला. दर पाडव्याला, वाटेवरचं पापनाशम मागे पडून ऊन तापलं, की तो कानाशी यायचा.

आज आला तेव्हा तुकोजी मैलाच्या दगडाला टेकून उभा होता. उजवा गुडघा सुजून भोपळा झाला होता. डाव्या हातातल्या शिंक्यात मडकं अगदी निश्चल लोंबतं आहे, हे ध्यानात यायला त्याला थोडा वेळ लागला.

मडकं निश्चल लोंबणं वाईट. त्यात भाताचं तूस दाबून भरलेलं असतं, आणि तुसाच्या पोटात गोवरीचा निखारा. मडक्याच्या गळ्याखाली भोकं पाडलेली असतात. माणूस धावला की मडकं झुलतं, झुललं की भोकांतून वारा शिरतो आणि निखारा श्वास घेतो. अति धावलं तर तूस भडकून वाटेतच संपतं, थांबलं तर निखारा राखेत घुसमटतो. तो जगेल असं नेमकं पाऊल जासुदांच्या, राजाचे निरोप घेऊन धावणाऱ्यांच्या, घरात बापाकडून लेकाकडे यायचं, जसं दुसऱ्यांच्या घरात शेत येतं.

तुकोजीने भोकाशी गाल नेला. ऊब होती.

“निजूं नको, बाबा,” तो म्हणाला आणि निघाला. धावणं म्हणावं असं ते आता राहिलं नव्हतं. डावा पाय पडायचा, उजवा मागून ओढला जायचा. झोका कमी पडतो म्हणून हात मुद्दाम हलवावा लागायचा. बापाने पाहिलं असतं तर मान दुसरीकडे वळवली असती.

कुंभकोणच्या मराठे गल्लीतली दहाबारा घरं राजाने वसवली, तेव्हा त्यांच्या चुली राजवाड्यातल्या देवघराच्या विस्तवाने पेटवल्या होत्या, असं जुनी माणसं सांगत. तेव्हापासूनची रीत. फाल्गुन सरला की गल्लीतल्या सगळ्या चुली विझवायच्या, सारवून ठेवायच्या. पाडव्याला उजाडायच्या आत जासुदाने तंजावराहून विस्तव घेऊन निघायचं, पायी, वाटेत कुठेही न बसता. तो येईतो गल्लीत कुणी चूल पेटवायची नाही, कुणी घास तोंडात घालायचा नाही. राज्य खालसा झालं त्या वर्षी लोकांनी बापाला विचारलं होतं, आता कुणासाठी धावतोस? बाप म्हणाला होता, “राजासाठीं धांवत होतों असें कोण म्हणालें? चुलींसाठीं धांवतों.”

ते वाक्य तुकोजीने अंगरख्यासारखं जन्मभर घातलं. अंगात ताप असताना धावला. पटकीच्या सालात धावला, तेव्हा वाटेवरच्या गावांतून कुत्रंदेखील भुंकलं नव्हतं. मोठ्या दुष्काळात धावला, तेव्हा चुली पेटल्या, पण त्यांवर चढवायला धड काही नव्हतं. त्याचा एकही पाडवा चुकला नाही. मग रस्त्याच्या कडेने आगगाडीचे रूळ पडले. मुलगा रामलिंग नागपट्टणला रेल्वेच्या कारखान्यात लागला होता. तो एकदा म्हणाला, “अप्पा, तिकीट काढा. मांडीवर मडकें घेऊन बसा. ऊन चढायच्या आंत विस्तव घरीं.”

“बसून आणलेला विस्तव शिळा,” तुकोजी म्हणाला. बापलेकांत तो विषय तिथेच मिटला.

हे बोलायला सोपं होतं. खरं काय होतं ते त्याने कुणाजवळ काढलं नव्हतं.

दारासुरम आलं तेव्हा सूर्य माथ्यावरून जरासा कलला होता. विणकरांच्या आळीत झाडांखाली रेशमाचे ताणे लांबच लांब पसरले होते, आणि माणसं त्यांवर वाकून तुटलेले धागे सांधत होती. त्यांतला सेतू दर वर्षी तुकोजीची वाट पाहायचा. तो ताकाचा तांब्या घेऊन पुढे आला. तुकोजीने उभ्यानेच ओंजळ धरली.

“रायरे,” सेतू तमिळीत म्हणाला, “यंदा तुम्ही गुडघ्याला घेऊन आलात, की गुडघा तुम्हाला घेऊन आला?”

“भांडत भांडत दोघे आलो,” तुकोजीही तमिळीत म्हणाला.

“मग दोघांनी जरा टेका. माझ्या ओट्याला काही काटे नाहीत.”

“बसता येत नाही, ठाऊक आहे तुला. तिकडे बायकापोरं उपाशी असतील.”

“उपाशी?” सेतू हसला. “मी सकाळी तुमच्याच गल्लीत होतो. मीनाक्षीबाईंकडे नातीचं लुगडं पोचवायला गेलो होतो. सणाचा दिवस म्हणून त्यांनी ओट्यावर पान मांडून पोळी वाढली. काय ती पोळी, रायरे. तूप पडताच वितळून पानाबाहेर पळालं.”

ताकाची धार तुकोजीच्या ओंजळीतून मनगटावर आली, मनगटावरून कोपरावर. सेतूने तांब्या सरळ केला. आपण काय बोलून बसलो, ते त्याला त्या ओघळाकडे पाहताना कळलं.

“शेजारच्या अय्यरांच्या घरून आणली असेल,” तो म्हणाला.

“असेल.”

“मी विचारलं नाही.”

“तू कशाला विचारशील.” तुकोजीने पंच्याने हात पुसला. “ताक चांगलं आहे. मोहरी जरा जास्त झाली.”

आळीच्या टोकाला येईपर्यंत तो नुसता चालत राहिला. मग एकेक गोष्ट त्याच्या मागून पळत येऊन त्याला गाठू लागली. अलीकडे विस्तव पोचला न पोचला तोच पंगत बसते. त्याला वाटायचं, हल्लीच्या सुनांचे हात चपळ आहेत. गेल्या पाडव्याला तर भर पंगतीत तो म्हणाला होता, “आमच्या वेळेस पुरण शिजायलाच तिसरा प्रहर व्हायचा, या पोरी म्हणजे वीज आहेत.” त्या वेळी मीनाक्षीबाई पदराआड खोकली होती. तिची सून अलमेलु वाढायचं सोडून आत गेली होती. आणि विशालाक्षी, त्याची बायको, दर वर्षी गल्लीच्या तोंडाशी उभी असायची. तो लांबून दिसला की लगबगीने आत वळायची. त्याला वाटायचं, आरतीचं ताट आणायला जाते. या वयातही वाट पाहते म्हणून त्याला मनातून बरं वाटायचं.

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सगळी गल्ली, लेकुरवाळ्या आणि म्हाताऱ्या, इतकी वर्षं त्याच्यासाठी उपाशी माणसांचं सोंग आणत होती, आणि तो त्या सोंगापुढे बढाया मारत होता.

आता राग यायला हवा होता. तुकोजीने रागाची वाट पाहिली. राग आला नाही. आलं ते निराळंच. उरात कितीक वर्षं आवळून बसलेली गाठ आपोआप सैल झाली. आधी वाटलं, म्हणजे माझ्यापायी कुणी उपाशी नाही. त्यामागून, चोरपावलांनी, दुसरं आलं: म्हणजे मी न गेलो तरी चालणार आहे.

ते दुसरं त्याला गोड लागलं. इतकं गोड, की तो वाटेतच थबकला आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून त्याने मागे वळून बघितलं. चोरी त्यांनी केली होती. पण तोंड लपवावं असं वाटलं ते त्याला. बापाच्या नावाचा, चुलींच्या नावाचा एवढा डंका पिटला, आणि आत काय होतं तर हे. सुटका हवी होती. फाल्गुन लागला की निजताना वाटायचं, यंदा वाटेत पाय मोडावा, म्हणजे आपण सोडलं असं कुणी म्हणणार नाही. देवापुढे हात जोडून ओठांनी ‘बळ दे’ म्हणायचं आणि मनाने भलतंच मागायचं, असं त्याने किती पाडवे केलं होतं.

लाजेने माणसाचे पाय जड व्हावेत. तुकोजीचे हलके झाले. कुणाची भूक पाठीवर नव्हती, त्यामुळे पाठ सरळ झाली. गुडघा दुखत होता, पण दुसऱ्या कुणाचा दुखावा तसा, लांबून. तो धावू लागला. खरोखर धावू लागला. हात ढिला पडला, मडकं आपसूक झुलू लागलं, भोकांतून धुराची बारीक रेघ निघाली. शेतात काम करणारी माणसं कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. इतक्या वर्षांत त्याला धावण्याचं सुख झालं नव्हतं, ते आज झालं, आणि त्याची त्याला आणखीच शरम वाटली.

गल्लीच्या तोंडाशी देवळाचा रथ ताडाच्या पानांच्या छपराखाली उभा असतो. तिथवर तो आला आणि पावलं आपणहून थांबली. गल्लीवर धूर होता. प्रत्येक घराच्या कौलांतून, सुखाने, घाई न करता धूर वर चालला होता. गुळाचा आणि वेलदोड्याचा वास येत होता. कुठे तरी एक पोर भरल्या तोंडाने बोलत होतं आणि त्याची आई त्याला दटावत होती.

तो यायला अजून अवकाश आहे, असं सगळ्यांनी धरलं होतं. दर वर्षी असायचा. यंदाच तो वेळेआधी आला होता.

रथाच्या चाकापलीकडे बायकांचे आवाज होते. तुकोजी चाकाला लागून उभा राहिला.

“आत्याबाई, दिसले कां?” हा आवाज मीनाक्षीबाईच्या सुनेचा, अलमेलुचा.

“नाहीं गे. पुष्कळ वेळ आहे.” हा विशालाक्षीचा. “पोळ्या होऊं देत सावकाश. पोरांचें झालें कां?”

“झालें. सासूबाईंनीं घोटभर पेज घेतली. मामा फार थकलेत हो यंदा. तंजावरास निघतांना पाहिलें मी. तुम्ही एकदां बोलून कां पाहत नाहीं? आतां पुरें म्हणावें.”

सुपात कडुलिंबाची फुलं निवडल्याचा खसखस आवाज येत राहिला.

“बोलूं कशी?” विशालाक्षी शेवटी म्हणाली. “त्यांचें सारें त्यांतच आहे. ती धांव काढून घेतली तर माणूस म्हणून काय उरेल त्यांचें, सांग. त्यापेक्षां मी खोटी झालें तें बरें.”

“पहिली काडी तुम्हींच ओढलीत म्हणे.”

“मीच. त्या सालीं ते दिवेलागणीस आले. तुझ्या सासूबाई चुलीपुढें चक्कर येऊन पडल्या होत्या. दुसऱ्या वर्षीं मी स्वामीनाथाच्या दुकानांतून काड्यांची पेटी आणली. ओढतांना वाटलें, कोणाच्या घरास आग लावत्यें.” ती किंचित हसली. “जा तूं. तव्यावरची करपेल.”

अलमेलुच्या पैंजणांचा आवाज गल्लीत शिरून दूर गेला. तुकोजी तसाच उभा होता. पाच पावलं टाकली तर तो गल्लीत असता, आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांनी तव्यावर हात असताना त्याला पाहिलं असतं. सासूने सुनेकडे पाहिलं असतं, सुनेने जमिनीकडे. त्या चेहऱ्यांकडे बघण्याचं धैर्य त्याच्यात नव्हतं.

तो थांबला. थांबला तसं मडकंही थांबलं. तेव्हा त्याने शिंक्याची दोरी दोन बोटांत धरली आणि उभ्या उभ्या मडक्याला झोका देऊ लागला, पाळण्यातलं मूल उठू नये असा, सावकाश. घाम डोळ्यांत उतरत होता. रथाच्या चाकावर कोरलेले हत्ती त्याच्या कमरेशी होते. रस्त्याने एक बैलगाडी गेली. गाडीवानाने हा म्हातारा सावलीत उभा राहून मडकं का झुलवतो आहे, म्हणून वळून पाहिलं.

ऊन सरकलं तशी विशालाक्षी सूप उचलून सावलीसाठी चाकाच्या या बाजूला आली.

तिने आधी मडकं पाहिलं. मग ते झुलवणारा हात, मग तोंड. सूप तिच्या हातात तिरपं झालं आणि थोडी फुलं धुळीत पडली. तुकोजी तसाच झोका देत राहिला. त्याने मान हळूच गल्लीकडे वळवली, जा म्हणून सांगावं तशी, आणि मग डोळे खाली घातले. ती पदर सावरून वळली. धावली नाही. पण गल्लीत शिरल्यावर तिच्या पावलांचा आवाज बदलला.

थोड्याच वेळाने पहिल्या घरात पाणी ओतल्याचा चर्र आवाज झाला. मग दुसऱ्या घरात. एकामागून एक सगळ्या चुली ओरडून गप्प झाल्या. कौलांतून पांढरी वाफ आली, विरली. परातींवर झाकणं पडल्याचे आवाज आले, ओल्या शेणाचा वास आला, कुणा पोराचं तोंड खसाखसा पुसलं जात होतं आणि ते रडत होतं. सगळे आवाज थांबेपर्यंत तुकोजी रथामागे उभा राहिला. मग उजवा पाय ओढत, दर वर्षी यायचा तसा, तो गल्लीत आला.

“आले, आले,” बायका म्हणाल्या.

मीनाक्षीबाई दारात उभी होती. ती त्याच्या थोरल्या चुलतभावाची विधवा, गल्लीतली सर्वांत वडील. पहिला विस्तव तिच्या चुलीत पडायचा. “या, भावजी,” ती म्हणाली. “डोळे लागले होते वाटेकडे.” बोलताना तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

चूल नुकती सारवलेली होती. तुकोजी खाली बसला आणि आधारासाठी त्याने हात टेकला तो नेमका चुलीच्या कडेवर. शेणाखालची माती सणसणीत तापलेली होती. हात चटकन मागे येऊ पाहत होता. त्याने तो येऊ दिला नाही. तळवा तसाच ठेवून त्याने दुसऱ्या हाताने तूस उकरलं. निखारा सुपारीएवढा उरला होता, वर राखेचा पापुद्रा. त्याने तो नारळाच्या काथ्यावर ठेवला आणि फुंकला. एकदा, दोनदा. धूर आला. मग लहानशी ज्योत वर आली.

“पेटला,” मीनाक्षीबाई म्हणाली. तिचा आवाज खरोखर भरून आला होता. बायका पलिते घेऊन पुढे आल्या आणि आपापल्या घरी विस्तव घेऊन गेल्या. जाताना प्रत्येकीने तुकोजीच्या पायांना हात लावला. दर वर्षी लावत. आज तो पाय मागे घेत होता, आणि मागे घ्यायला जागा नव्हती.

पानं मांडली. गल्लीतले पुरुष दोन्ही बाजूंनी बसले, मधल्या पानावर तुकोजी. पोळ्या आल्या, पचडी आली, भात आला. या खेपेला तो हातांच्या चपळाईबद्दल काही बोलला नाही, आणि ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. विशालाक्षी तूप वाढत त्याच्यापाशी आली. त्याच्या तळव्यावर लाल चट्टा उठला होता. तिने तो पाहिला आणि तुपाची धार तशीच पडत राहिली, पोळी भिजून पानावर तळं झालं तरी.

पहिला घास घेण्यापूर्वी एक विचारायचं असायचं. मीनाक्षीबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

“पुढच्या पाडव्यास विस्तव कोण आणील, भावजी?”

जासुदाने ‘मी’ म्हणायचं, मग सगळ्यांनी जेवायचं. बापाने कितीदा तरी म्हटलं होतं. तुकोजी तर विचारणं पुरं होण्याआधीच म्हणायचा. पुरुषांचे हात घासाजवळ येऊन थांबले. दाराआडून सुना कान देऊन होत्या. मीनाक्षीबाईने एक हात चौकटीला धरला होता, आणि हा माणूस ‘मी’ म्हणाला तर आणखी एक वर्ष खोटं बोलावं लागेल, न म्हणाला तर ते आपल्यामुळेच, अशा दोन्ही भयांनी तिची बोटं पांढरी पडली होती.

तुकोजी पानाकडे पाहत राहिला.

“वहिनी,” तो म्हणाला, “मज धांवायचें नाहीं.”

“गुडघ्यास तेल लावूं,” मीनाक्षीबाई घाईने म्हणाली. “वर्ष पडलें आहे अजून.”

“गुडघ्याचें नव्हे.” त्याने भाजलेली मूठ मांडीवर मिटली. “गुडघा धड होता तेव्हांपासून नाहीं. रामलिंग पाळण्यांत होता, तेव्हांपासून मज हें नको होतें. दर वर्षीं निघतांना वाटायचें, वाटेंत पडावें, सुटावें. तुम्ही सगळे चुली विझवून बसायचां, आणि मी मनांत असा यायचों. लाज वाटली, म्हणून बोललों नाहीं. आजवर कोणाजवळ बोललों नाहीं. हिच्याजवळदेखील.”

विशालाक्षी तुपाचं भांडं छातीशी धरून उभी होती. तुकोजीने मान वर केली. त्याने मीनाक्षीबाईकडे पाहिलं, दाराआडच्या अलमेलुकडे पाहिलं, शेवटी बायकोकडे पाहिलं.

“जेवा आतां,” तो म्हणाला. “सकाळपासून उपाशी आहांत सगळे.”